देवजी आचाऱ्याचा हातगुण

धोंडूबाईच्या उजव्या तळहाताला पंचक्रोशीत मान होता, आणि तो तिला मिळवून दिला होता तिच्या नवऱ्यानं. किन्हवलीच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथून इकडं वाशिंदपर्यंत आणि तिकडं मुरबाडपर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी भटजी नाही, आधी देवजी आचारी ठरायचा. भटजी दुसरा मिळतो. वालाचं बिरडं देवजीसारखं करणारा दुसरा मिळत नाही, हे पोराच्या बापाला आणि पोरीच्या बापाला दोघांनाही ठाऊक असायचं.

लग्नघराच्या मागच्या अंगाला चर खणलेला असे. चरावर टोप चढे, आणि देवजी डोक्याला पंचा गुंडाळून त्या धगीत उभा राही. पण हा बाबा रांधलेलं कधी चाखत नसे. त्याच्या बापानं, कमळू आचाऱ्यानं, त्याला शिकवून ठेवलं होतं की स्वतःच्या जिभेला स्वतःचं मीठ कळत नाय. म्हणून टोप उतरवायच्या आधी देवजी पळी उचलायचा आणि कांदे चिरत बसलेल्या बायकोला हाक मारायचा, "मीठ बग गो." धोंडूबाई पदराला हात पुसून तळवा पुढं करायची. त्यावर गरम थेंब पडायचा, ती फुंकर मारून चाटायची आणि सांगायची. थोडं घाला. नाय तर, राहू दे. नाय तर, आज काय मीठ फुकट मिळालं का? मग सगळे हसायचे आणि देवजी निमूट खोबरं किसायला सांगायचा. बाकी कुणी त्याच्या रांधण्याला नाव ठेवलं तर पळी घेऊन अंगावर जाणारा माणूस, बायकोच्या तळहातापुढं मात्र नरम असायचा. ह्यावरून गावानं त्याची कमी थट्टा केली नाही. त्याला त्या थट्टेचं काही वाटत नसे.

असं सगळं बरं चाललेलं असताना धोंडूबाईच्या अंगावरून जायला लागलं. एकदा सुरू झालं की थांबेना. भाताची झोडणी तिनं तशीच काढली, कुणाला बोलली नाही, कारण बायका बोलत नाहीत. शेवटी खळ्यावरच डोळ्यांपुढं अंधारी येऊन बसली तेव्हा देवजीला कळलं. मुलगा स्वरूप वाशिंदच्या कंपनीत कामाला. त्यानं चार ठिकाणी विचारलं, आणि चारही ठिकाणांहून एकाच दवाखान्याचं नाव आलं. हमरस्त्याला लागून नवीनच दवाखाना झालेला, काचेचं दार, गर्भाची पिशवी दुर्बिणीतून काढतात, पोटाला मोठा चिरा नाही, दोन-तीन भोकं फक्त. आणि सगळ्यांनी वर हेच सांगितलं, की डॉक्टरला हातगुण आहे.

हातगुण हा शब्द देवजीला लागलीच पटला. पेरणी करणाऱ्याचा असतो, सुईणीचा असतो, आचाऱ्याचा असतो, तसा डॉक्टरचा असणारच. माघातल्या थंडीत धोंडूबाईचं ऑपरेशन झालं आणि ती चार-पाच दिवसांत घरी आली. येताना तिथल्या बाईनं पथ्य सांगितलं. आंबट नाही, वांगं नाही, मासळी तर अजिबात नाही, जखम पिकते. ह्यात देवजीला नवीन काहीच नव्हतं. त्याची आजीही हेच सांगत होती.

त्यानं पथ्य असं पाळलं की काय सांगावं. स्वतः रांधायचा, सुनेला चुलीपाशी येऊ द्यायचा नाही. सकाळी तांदळाची पेज, दुपारी मऊ भात आणि मुगाचं पाणी, रात्री पुन्हा पेज. मीठ नखभर. धोंडूबाई ते गिळायची आणि म्हणायची, बरी झालीये. पण जिभेला चव म्हणून राहिली नव्हती. महिना होत आला. टाके सुकले होते, भोकांवर खपली धरून ती पडलीही होती. एका दुपारी शेजारच्या घरात कुणीतरी सुकट भाजली आणि तो वास कुडाच्या फटीतून हिच्या अंथरुणापर्यंत आला.

"अवो," ती म्हणाली, "उलीशी सुकटीची चटणी कराल का? बोटाला लावून चाटंन फक्त."

देवजी नाही म्हणाला. परत नाही म्हणाला. तिसऱ्यांदा तिनं काही मागितलं नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून झोपली, आणि त्या पाठमोऱ्या बाईकडं बघून देवजीचं पाणी झालं. त्यानं सुकट भाजली, कांदा बारीक चिरला, वर लिंबाएवढी कैरी ठेचून घातली. तिनं पेजेसोबत ती सगळी खाल्ली, बोटबीट काही नाही, चांगली वाटी पुसून खाल्ली. किती दिवसांनी माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. देवजी तिच्यासमोर उकिडवा बसून तिचं खाणं बघत होता आणि पोरासारखा खूश होता.

त्याच आठवड्यात बेंबीपाशी गाठ आली. लाल झाली, ठणकायला लागली, अंगात ताप भरला. आणि मग ती फुटली. घरातल्या लुगड्याच्या घड्या भिजल्या एवढा पू आला.

रिक्षानं तिला दवाखान्यात नेलं. बाहेर बाकांवर माणसं बसली होती. डॉक्टर आतून बाहेर आला, उभ्या उभ्या पट्टीकडं बघितलं, पट्टी उचललीसुद्धा नाही. "घरी काय खाल्लं?" त्यानं विचारलं.

आता इथं दुसरा कुणी असता तर काही नाही म्हणाला असता. देवजीला खोटं बोलता येत नाही. तो हात जोडून म्हणाला, "सुकट दिली साहेब. मीच करून दिली."

डॉक्टरनं दोन्ही हात वर केले. "मग आता मी काय करू? मी ऑपरेशन चांगलं केलं, तुम्ही घरी नेऊन बायकोला मारलंत." एवढं सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं बोलला आणि आत गेला. कंपाउंडरनं वरवर पुसून गोळ्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला. धोंडूबाईला तापात सुद्धा नवऱ्याचा चेहरा दिसला. जोडलेले हात त्याला सोडायचं सुचत नव्हतं. ते तसेच छातीपाशी धरून तो रिक्षापर्यंत चालत आला.

गोळ्यांनी काही होईना. एक भोक होतं तिथं तीन झाली. धोंडूबाई इतकी खंगली की बांगड्या कोपरापर्यंत वर चढायला लागल्या. स्वरूपनं मग कुणाचं न ऐकता तिला ठाण्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, आणि तिथं तिला ठेवूनच घेतलं. पू तपासायला पाठवला. तिथली डॉक्टरीण तरुण होती, स्वरूपच्याच वयाची, झोप न झालेल्या डोळ्यांची. तिनं खाटेवर बसून देवजीला समजावलं.

"मामा, सुकटीनं जखम पिकत नाही. ऑपरेशनची हत्यारं नीट निर्जंतुक केलेली नसली, नळाच्या पाण्यात नुसती विसळून पुन्हा वापरली, की असला जंतू आत जातो. तो महिनाभर गप्प बसतो आणि मग वर येतो. म्हणून तर टाके सुकल्यावर झालं. तुमचा काही दोष नाही."

देवजीनं मान हलवली. धोंडूबाईला वाटलं, सुटला बिचारा. पण डॉक्टरीण पाठमोरी झाल्यावर तो हळूच म्हणाला, "पोरगी भल्या घरची हाय. माझं मन राखलान."

झालं. आता ह्या माणसाला काय म्हणावं?

औषधं लांबलचक होती. सहा-सात महिने घ्यावी लागतील म्हणाले. वाढलेल्या जखमा उघडून, खरवडून साफ केल्या. चैत्रात धोंडूबाई घरी आली तेव्हा तिनं बघितलं, नवऱ्यानं मोठी पळी आणि झारा माळ्यावर टाकला होता. लगनसराई तोंडावर होती. लोक सुपारी घेऊन येत होते आणि देवजी त्यांना दारातूनच परत पाठवत होता. हाताला बरं नाय, म्हणायचा. हात तर धडधाकट होते, लाकडं फोडत होते, बैलांचं करत होते. पण चुलीला लागत नव्हते. घरातही नाही. पेज आता सून करायची, आणि देवजी लांब ओटीवर बसून तिला सांगायचा, पाणी घाल, विस्तव कमी कर. मिठाचं नाव काढायचा नाही.

सुकट तर त्यानं स्वतःही सोडली. सुकट सोडली, बोंबील सोडले, श्रावणातली खाडीची कोलंबी घरी आली तर उठून बाहेर गेला. जन्माला आल्यापासून ह्या माणसाचा एक दिवस मासळीवाचून गेला नव्हता.

"मीच मागितली होती ना," धोंडूबाई त्याला सांगायची. "तुमी दोनदा नाय बोललात. मी रुसून बसली."

"तू आजारी होतीस. आजारी माणूस काय पण मागतं," तो म्हणायचा. "शहाणा मी होतो."

ती जीव तोडून सांगायची आणि तो तेवढ्याच मायेनं ऐकून घ्यायचा, आणि पुन्हा ओटीवर जाऊन बसायचा. त्यात गावाची तोंडं. उन्हाळ्यात कुणाच्या तरी पंगतीत एकजण बोलून गेला, आचाऱ्याच्या हातचं खाऊन त्याचीच बायको सडली. वारं जावं तशी ती गोष्ट फिरली आणि फिरून देवजीच्या कानावर आली. तो ओटीवरून हललाही नाही. पूर्वीचा देवजी असता तर त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहिला असता. धोंडूबाईला पोटातल्या जखमांपेक्षा हे जास्त दुखलं. जखमा भरत होत्या, हळूहळू का होईना. हा मनुष्य आतून सुकत चालला होता आणि त्याला कुठली पट्टी बांधावी हे तिला कळत नव्हतं.

भात निसवून लोंब्या बाहेर पडायला लागल्या तेव्हा देवजीचा धाकटा भाऊ राघो आला. त्याच्या कुणालीचं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न झालं की लगेच.

"दादा, माझी एकच पोरगी," राघो म्हणाला. "तिच्या लग्नात दुसऱ्याचा टोप चढला तर ती मांडवात बसणार नाय, असं बोलतेय."

"शुभकार्य हाय राघो," देवजी म्हणाला. "माझा हात नको लागायला."

राघो रडवेला होऊन वहिनीकडं बघत राहिला. धोंडूबाईनं मनात धरलं, की कुणालीचं लग्न ही शेवटची वेळ. तेव्हा जर पळी माळ्यावरून खाली आली नाही, तर ती कधीच येणार नाही.

जखमांची पट्टी करायला ती दर आठवड्याला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात जायची. देवजी सोबत यायचा, पण आत नाही. बाहेर झाडाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. आतल्या बाकावर त्या दिवशी धोंडूबाईच्या शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्याच वयाची, मुरबाडकडची, पोटावर एक हात धरून. धोंडूबाईनं तो हात ओळखला. गेले कित्येक महिने ती स्वतः तसाच हात धरून बसत होती.

"पिशवीचं का?" तिनं विचारलं.

"पिशवीचं," ती बाई म्हणाली. नाव अंबूबाई. बोलता बोलता निघालं, की दवाखाना तोच, काचेच्या दाराचा. महिना तोच. आधी टाके सुकले, मग बेंबीपाशी गाठ, मग पू. धोंडूबाईच्या मनात आलं, हिनं पण काहीतरी खाल्लं असणार बिचारीनं. तिनं अगदी हळू विचारलं, "तुमाला काय बोलला डॉक्टर?"

अंबूबाईचा चेहरा रागानं लाल झाला. "बोलला, पथ्य मोडलंस. मी बोलले, पेज पिऊन पथ्य कसं मोडतं? तर बोलतो कसा, लपून मासळी खाल्ली असशील." आणि तिनं पदराखालून गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. "बापानं घातली, मी परकरात होते तेव्हा. तेव्हापासून मासळी नाय, मटण नाय, अंडं नाय. आणि हा मेला मला लपून मासळी खाल्ली बोलला, चारचौघांत."

धोंडूबाई त्या माळेकडं बघतच राहिली.

अंबूबाईचं संपलं नव्हतं. बोलताना तिचा आवाज उतरला. "घरी नवऱ्याला वाटलं, मी खाल्लं नसंल पण भांडं बाटलं असंल. सुनेनं तिच्या माहेरी मटणाला वापरलेलं पातेलं आणलं होतं, त्यात पेज केली, म्हणून असं झालं. केवढा तंटा झाला. पोरगी पातेलं घेऊन रडत माहेरी गेली ती अजून आली नाय. खरं सांगते बाय, मला पण तसंच वाटलं होतं. तिचाच दोष असंल, असं मी पण धरून बसले."

धोंडूबाईनं तिला सुकटीचं सगळं सांगितलं. एकीच्या घरात सुकट, दुसरीच्या घरात पातेलं. आणि दोघींच्या पोटात एकच जंतू, एकाच जागी, एकाच दवाखान्यातून. धोंडूबाईनं अंबूबाईचा हात धरला. "माझ्या नवऱ्याला एवढं सांगाल का?" ती म्हणाली. "आता मला सांगितलंत तसंच. तो झाडाखाली बसलाय."

देवजीला आत आणायला तिला हाताला धरून ओढावं लागलं. बायकांच्या बाकावर तो कडेला टेकला, पिशवी छातीशी धरून. अंबूबाईनं पुन्हा सगळं सांगितलं. देवजीनं ऐकलं. आणि मग त्याच्यातला आचारी जागा झाला. त्यानं तिची उलटतपासणीच सुरू केली.

"माळ लग्नाआधीची?"

"आधीची."

"मधे कधी सुटली नाय? बाळंतपणात, आजारात?"

"नाय."

"घरात बाकीचे खातात?"

"कुणीच नाय."

"मसाला कुठं कांडता? तिथं कुणी सुकट कांडत असंल."

"आमचा पाटा आमच्या घरात."

"शेजारी कुणी भाजत असंल. वास आला असंल."

आता अंबूबाई हसली. "भाऊ," ती म्हणाली, "वासानं पोट फुटतं का?"

पुढचा प्रश्न शोधत देवजी खाली फरशीकडं बघत राहिला आणि प्रश्न काही सापडेना. धोंडूबाईनं त्याला बघितलं. त्याचे ओठ हलत होते. मोठ्या पंगतीचा शिधा मनात जुळवताना हलायचे तसे.

"पातेल्याचं पण खोटं," तो शेवटी म्हणाला. "पातेल्यात उकळून केलेली पेज. उकळीला काय राहतं?" आणि मग, "म्हंजे आमच्या टोपातून गेला नाय हा रोग."

"नाय," धोंडूबाई म्हणाली.

"त्यानं पट्टी पण उचलली नव्हती गो," देवजी म्हणाला. "न बघता बोलला. मारलंत बायकोला, बोलला." आणि मग तो म्हातारा माणूस सरकारी दवाखान्याच्या बाकावर, नर्सा जात-येत असताना, पिशवीत तोंड घालून रडला. धोंडूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला रडू आलं नाही. तिला इतकं बरं वाटत होतं की रडायला सुचलंच नाही.

पुढं स्वरूपनं आणि अंबूबाईच्या मुलानं मिळून तक्रार केली. शोधल्यावर आणखी बायका निघाल्या. एकीच्या घरात वांग्याचं निमित्त झालं होतं, एकीच्या घरात तिनं न्हाऊन घेतलं त्याचं. प्रत्येक घराला त्या डॉक्टरनं एकेक गुन्हेगार घरचाच काढून दिला होता आणि स्वतः काचेच्या दारामागं बसला होता. चौकशीला साहेब आले, ऑपरेशनच्या खोलीला कुलूप लागलं. पुढं काय होईल ते होईल, अशा गोष्टी आपल्याकडं गोगलगायीच्या गतीनं चालतात. पण चौकशीत साहेबांनी देवजीला विचारलं, तुम्ही मासळी दिली होती हे खरं का, तेव्हा सगळे घाबरले. हा आता हात जोडणार असं वाटलं.

देवजीनं हात जोडले नाहीत. "सुकट मी दिली," तो म्हणाला. "ती माझी. बाकीचं सगळं त्याचं."

अंबूबाई सुनेला आणायला तिच्या माहेरी स्वतः गेली, आणि येताना ते पातेलंही मागून आणलं, असं नंतर कळलं.

पण पळी अजून माळ्यावरच होती. शहापूरच्या बाजारातून देवजीनं अंबूबाई भेटली त्या दिवशीच सुकट विकत घेतली खरी, आणि घरी येऊन ती धोंडूबाईच्या पुढ्यात ठेवली. "तू कर," म्हणाला. तिनं केली, दोघांनी खाल्ली, त्यानं दोनदा मागून घेतली. तरी चुलीपाशी तो आला नाही. मनाला पटलं तरी हाताला पटायला वेळ लागतो, असं तिला वाटलं, आणि ती त्याला काही बोलली नाही. तुळशीचं लग्न झालं. राघोच्या अंगणात मांडव पडला. हळदीच्या दिवशी पहाटे धोंडूबाई उठली तर घरात देवजी शिडी लावून माळ्यावर चढत होता.

"अंबूबाई जेवायला येणार हाय ना उद्या?" वरून त्यानं विचारलं. "तिचं वेगळं भांडं लागंल."

लग्नाच्या दिवशी सकाळी राघोच्या घरामागं चर पेटला. भात निथळून झाला, वरण झालं, आणि मधोमध वालाच्या बिरड्याचा मोठा टोप रटरटत होता. धोंडूबाईला उभं राहायची मनाई, म्हणून खुर्ची टाकून ती कांद्यांच्या पाटीशी बसली होती. देवजी डोक्याला पंचा गुंडाळून टोपासमोर उभा होता. तो कमी बोलत होता. मीठ घालताना त्याची मूठ दोनदा टोपावर थांबली, पुन्हा डब्यात गेली, पुन्हा आली. त्याच्या कपाळावरचा घाम नुसत्या विस्तवाचा नव्हता, हे तिला बसल्या जागी कळत होतं.

मग त्यानं पळी उचलली. सगळे हातातलं काम सोडून बघायला लागले.

"मीठ बग गो," देवजी म्हणाला. आवाज इतका बारीक, की लांबच्याला ऐकूही आला नसता.

धोंडूबाईनं पदराला हात पुसून तळवा पुढं केला. थेंब पडला. तिनं फुंकर मारली आणि चाटला.

खारट झालं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं खारट. एवढ्या महिन्यांनी धरलेली मूठ, तिचा अंदाज चुकला होता. मागून राघो वाकून तिच्या कानाशी आला. "वैनी," तो कुजबुजला, "बरं झालंय म्हण. मी मागनं खोबरं घालंन. आता तू वाईट बोललीस तर पळी टाकून जाईल तो, परत हात लावणार नाय."

धोंडूबाईलाही तीच भीती होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो तिच्या तोंडाकडं बघत होता, काचेच्या दारापाशी त्या डॉक्टरच्या तोंडाकडं बघितलं होतं तसाच. गेले सगळे महिने ती नखभर मिठाची पेज गिळून बरी झालीये म्हणत आली होती. त्याला जपायला म्हणून, आणि त्यानंही ते ओळखून तिला जपायला म्हणून ऐकून घेतलं होतं. एवढं जपून कुणाचं काय भलं झालं होतं?

"खारट झालंय," ती म्हणाली.

राघोनं डोळे मिटून घेतले. देवजीनं पळी टोपात ठेवली, टोपाकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. दाढीतून, मिशीतून, पार डोळ्यांपर्यंत आलं.

"खारट झालंय ना?" तो म्हणाला. "हे मात्र माझंच." आणि मग मोठ्यांदा, पूर्वीच्या आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे चार नारळ फोडा, बटाटे उकडायला टाका. मीठ जास्त पडलंय माझ्या हातनं."

खोबरं पडलं, बटाटे पडले, टोप पुन्हा उकळला. देवजीनं पळी उचलली आणि ह्या वेळी हाकही मारली नाही. धोंडूबाईचा तळवा आधीच पुढं होता.